सुजू गोधडीवर उभी राहते

शुक्र. २ जाने. १९८७

सुट्टी. सुजूला पलंगाच्या कडेला धरून उभी केली. अंदाजे पाऊण मिनिट. मग गुडघे वाकले आणि बसली. रडली नाही. येत्या दहाला पोरीला सतरा महिने होतील. समोरच्या खोलीतला पाटलांचा नातू तिच्याहून दोन महिन्यांनी लहान आहे, तो आज आमच्या दारातून आत चालत आला, पाण्याचा तांब्या लवंडून परत गेला. आईने तांब्या उचलला. नंदा गॅसकडे तोंड करून उभी होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

मंगळ. ६ जाने.

प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचं काम वाढलंय. आज चार पत्रिकांचे टाइपाचे खिळे जुळवले. एकीत मुलीच्या वडिलांच्या नावात वेलांटी चुकली होती, ती प्रुफात मला सापडली. शेठ खूश. त्यांना सुजूचं सांगितलं. म्हणाले, "अरे बाबा, माझा मुलगा दोन वर्षांनी चालला. आता बघ, स्कूटरवरून उतरतच नाही. टेन्शन नको घेऊ." सगळे हसले. मीही हसलो.

गुरु. ८ जाने.

नंदा पहिल्या पाळीवरून चारला येते. आज आल्या आल्या म्हणाली, "आई तिला दिवसभर कडेवर घेऊनच असतात. खाली सोडल्याशिवाय चालणार कशी?" मी म्हणालो, तू अंबरनाथला औषधाच्या बाटल्या भरायला जातेस तेव्हा सांभाळतं कोण? बोलायला नको होतं मी. पण सासूचं म्हटलं की हिचा स्वर चढतोच.

आईने ऐकलं असणार. खोली एवढीशी.

रवि. १८ जाने.

सुजूचं बोरन्हाण. मी अर्धा दिवस मागून घेतला. चाळीतली सहा-सात मुलं आली. हलव्याचे दागिने नंदाने केले, फार सुंदर. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतले. बाकीची मुलं वेचायला पळाली. सुजू मधोमध बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या फ्रॉकच्या घोळात पडलेलं एक बोर तिने उचललं, तेही पाटलांच्या नातवाने नेलं.

पाटीलकाकू आगरी, इथल्या कुळगावच्याच, मनात आलं ते बोलतात. आईला म्हणाल्या, "म्हातारे, पोरीला वल्या वाळूत कमरेपर्यंत पुरून उभी कर रोज सकाळी. माझ्या धाकट्याला तसाच चालवला." आई एकदम चिडली. "माझ्या नातीला मातीत पुरायला सांगू नका." काकू म्हणाल्या, "अगो, पुरायची म्हंजे उभी करायची." आई एवढी कधी चिडत नाही. काकू हळदीकुंकू न घेता गेल्या.

शुक्र. २३ जाने.

अंबरनाथला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नंदाने खाडा केला. पावणेदोन तास थांबलो. सुजूने आत इतका आकांत मांडला की बाईंना नीट तपासता येईना. विचारलं ते: नऊ महिने पूर्ण? नाही, आठवा संपत होता. पेटीत ठेवलं होतं? हो, अकरा दिवस काचेच्या पेटीत. बसली कधी? दहाव्या महिन्यात. बोलते का? आई, बाबा, दे, नको, काऊ.

म्हणाल्या, काही मुलं अठरा महिन्यांनीही चालतात, पण थांबून राहू नका, रोज उभी करा. काय करते ते लिहून ठेवा आणि महिन्याने दाखवा.

लिहून ठेवायचं मला सांगावं लागत नाही. वहीच्या मागच्या पानांवर तक्ता आखला. रकाने: तारीख, वेळ, काय केलं, कशाला धरून, किती वेळ, कुठे. "कुठे" हा रकाना मी माझ्या मनाने घातला. पलंगाजवळ जास्त उभी राहते की दाराजवळ, ते कळावं म्हणून.

सोम. २६ जाने.

सुट्टी मिळाली. दहा वेळा उभी केली. सर्वांत जास्त दीड मि. उभी करताना दर वेळी आई येऊन तिच्या पायाखाली गोधडी सरकवते. "पडली तर डोकं आपटेल." बरोबर आहे. आमची शहाबादी फरशी कडक आहे.

तिचे तळवे हातात घेऊन पाहिले. अगदी मऊ, जन्मल्या दिवशी होते तसे. आई तिला घरातही लोकरीचे मोजे घालते. दुपारी काढले तर परत घातले.

बुध. ४ फेब्रु.

नंदाच्या भावाने पांगुळगाडा पाठवला. लाल चाकांचा, चांगला घोटलेला. मी संध्याकाळी घरी आलो तर तो माळ्यावर. आई म्हणाली, चाकं निसटतात, हिचे दात पडतील. नंदाने ताट वाढलं आणि स्वतः न जेवता गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मी काढला नाही. का काढला नाही, ते मलाच सांगता येत नाही.

शनि. ७ फेब्रु.

आई म्हणाली, "शिमग्याला गावाला जाऊन येऊ का रे सगळे?" मी म्हणालो, तुला जायचं तर एस.टी.त बसवून देतो. म्हणाली, "मी एकटी जाऊन काय करू." हे तिने मागच्या दिवाळीला विचारलं, गणपतीला विचारलं. माझं उत्तर तिला माहीत आहे.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावच्या घरी माझा थोरला भाऊ अण्णा चार माणसांत मला म्हणाला होता, "आठवीतून पळालेला तू, मला घराचं शिकवतोस?" पडवीची भिंत काढू नको, एवढंच मी म्हणालो होतो. त्याच पावली मी निघालो आणि बोललो की या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. सुजू तेव्हा तीन महिन्यांची. सव्वा वर्ष झालं. मी बोललेलं पाळतो.

शुक्र. १३ फेब्रु.

तक्ता: उभी, पलंगाला धरून, दोन मि. पाच से. गोधडीवर.
उभी, माझ्या बोटाला धरून, चाळीस से. गोधडीवर.
डावा पाय थोडा मागे ठेवते असं वाटलं. माझा भास असेल.

नंदा म्हणाली, "तिचं काही कायमचं असलं तर?" मी तक्त्यात आजच्या नोंदी भरत राहिलो. तिने परत विचारलं नाही.

शुक्र. २० फेब्रु.

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी दहाला अंबरनाथ. या खेपेला सुजू झोपेत होती, त्यामुळे बाईंना पाय हलवून बघता आले. मग त्यांनी तक्ता मागितला. चष्मा लावून वाचला, अक्षराचं कौतुक केलं. मला बरं वाटलं. पानं उलटली, परत मागे गेल्या. म्हणाल्या, "हा 'कुठे'चा रकाना. पलंगाजवळ, दाराजवळ, मोरीजवळ, सगळीकडे पुढे एकच, गोधडीवर. घरात फरशी नाही का तुमच्या?"

मी म्हणालो, आहे, पण आई टाकते, लागू नये म्हणून.

"अठ्ठेचाळीस नोंदी आहेत. एकदाही जमिनीवर नाही? कधीच?"

मी नंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघून म्हणाली, "मी जानेवारीत सांगितलं होतं."

बाई म्हणाल्या, मऊ गादीवर तोल सांभाळायला मूल शिकत नाही. महिनाभर कडक जमिनीवर, अनवाणी सोडा. डावा पाय मला तेव्हा परत बघायचाय, आत्ता नक्की सांगत नाही.

घरी आल्यावर मी आईला सरळ विचारलं. ती भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे ठेवून बसली. म्हणाली, "काचेच्या पेटीत होती, आत हात घालू देत नव्हते. मला नुसती पावलं दिसायची, माझ्या अंगठ्याएवढी. मी गावच्या वाघजाईला बोलले, ही वाचली तर हिचं पाऊल पहिलं तुझ्या दारात टेकवीन, आईबापाच्या हातून. तोवर जमिनीला लागू देणार नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? तिच्या पहिल्या दिवाळीत नेणारच होतो आपण. तू तिथे काय बोलून आलास ते विसरलास? तुझी शपथ मोडायला सांगू की माझा नवस मोडू? वाटलं, आज ना उद्या तुझा राग जाईल."

दीड वर्ष. गोधडी, मोजे, माळ्यावरचा गाडा. मला सगळं दिसत होतं आणि मी ते व्यवस्थित लिहीत होतो.

नंदा ओरडली नाही. तिने सुजूला उचललं, मोजे काढले, म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ठेवते खाली." आई म्हणाली, "ठेव. तुझी पोर आहे." नंदाने तिला जमिनीपासून चार बोटांवर आणलं आणि थांबली. तशीच वाकून उभी. मग सुजूला माझ्याकडे दिलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मी प्रेसमध्ये असल्या गोष्टींवर हसतो. पण मलाही ठेवता आली नाही. पेटीतली अकरा दिवसांची ती मलाही आठवते.

शनि. २१ फेब्रु.

शेठजींकडे तीन दिवस मागितले. कपाळाला हात. "लग्नसराईत? तू गेलास तर ही खिळ्यांची पेटी मी जुळवू? वराच्या जागी वधू छापून टाकीन." मग कारण सांगितलं. एकदम गंभीर झाले. म्हणाले, "मन्नत आहे? आधी का नाही बोललास. मन्नतीच्या मध्ये सेठ येत नाही. जा." निघताना परत हाक मारली, "पण तीनच दिवस."

सोम. २३ फेब्रु. गावी.

एस.टी.ने महाड, तिथून दुसरी गाडी, पुढे दीड मैल चालत. सुजू आईच्या कडेवर. वाटलं होतं, देवळातून परस्पर परत फिरू, घराकडे जायला नको. पण गुरव म्हणाला, "मानाचा नारळ थोरल्याच्या हातचा. तुमचे अण्णा आल्याशिवाय गाऱ्हाणं घालता येणार नाही." मला हे माहीत होतं. विसरलो होतो असंही नाही.

घरापाशी गेलो. अण्णा अंगणात दोर वळत बसला होता. बघितलं, उठला नाही. वहिनी आतून आली. मी उंबऱ्याबाहेर उभा. अण्णा म्हणाला, "बाहेरूनच बोलायचंय की आत येतोस?"

आत गेलो. पडवीची भिंत काढलेली आहे. उजेड चांगला येतो.

त्याला सगळं सांगितलं. दोर बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाला, "एवढ्यासाठी पोरीला टांगून ठेवलीत? एक पत्र टाकायचं होतंस. मोठा अक्षरवाला ना तू." नारळ त्याने स्वतः माजघरातून आणला.

दु. चारच्या सुमारास देवळात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. नंदाने एक काख धरली, मी दुसरी. सुजूचे पाय पायरीच्या दगडाला लावले.

तिने झटकन वर ओढून घेतले. तव्याचा चटका बसावा तसे. परत टेकवले, परत ओढले. ओरडून रडायला लागली आणि आईकडे हात केले. आई देवीसमोर आडवी पडलेली, तिला काही दिसत नव्हतं. तिसऱ्या वेळी पाच-सहा सेकंद टेकले. गुरव म्हणाला, झालं, फिटलं.

मला वाटलं होतं, इथे काहीतरी होईल. काय होईल, ते मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

मंगळ. २४ फेब्रु. गावी.

सकाळी वहिनीने सुजूला सारवलेल्या अंगणात सोडलं. आधी रडली, मग शेणाचा पोपडा नखाने काढत बसली. नंदा आणि वहिनी पहिल्यांदाच एकत्र हसताना दिसल्या.

अण्णाने तिला दोन्ही हात धरून उभी केली. बराच वेळ बघत राहिला. मला म्हणाला, "हिचा डावा पाय बघितलास? सगळा भार उजव्यावर घेते. वासरू असं उभं राहिलं की आम्ही आधी खुबा चाचपतो." मी म्हणालो, डॉक्टर बघतायत. "डॉक्टर बघतायत म्हणजे तू बघायचं नाही का?" आवाजात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

तेराला वाटलेला तो भास नव्हता.

शुक्र. ६ मार्च

घरी आल्यापासून गोधडी फक्त झोपायला. सुजू फरशीवर. पहिले चार दिवस पाय वर धरून बसायची, आता टेकवते. ढुंगणावर सरकत दारापर्यंत जाते. तळव्यांना धूळ. नंदा रोज संध्याकाळी ते तळवे धुते, फार सावकाश.

नंदा आईशी कामापुरतं बोलते. "मीठ दिलंय." "दूध आलं." एवढंच. मी दोघींच्या मध्ये कोणाची बाजू घेऊ? आईने केलं ते माझ्या शपथेमुळे. नंदाने सांगितलेलं मी ऐकलं नाही. दोन्ही खाती माझ्याच नावावर निघतात.

गुरु. १९ मार्च

सुजू स्वतःहून पलंगाला धरून उठली. कोणी उभी केली नाही. चार वेळा. फरशीवर. उजवा पाय पूर्ण टेकलेला, डाव्याचा नुसता चवडा.

आईला बोलावलं. दारातूनच म्हणाली, "बघते इथून."

आत्ता लक्षात आलं, गावाहून आल्यापासून आईने तिला उचललेलं नाही. नंदा आणि मी कामाला गेलो की काय करते ते विचारलं. म्हणाली, "तिच्यासमोर खाली बसते. भरवते. धुते. पण कडेवर घेत नाही." का? "आणखी काही बिघडलं तर परत माझ्यावरच यायचं."

मी म्हणालो, तुला कोण काय म्हणालं? "म्हणायला कशाला पाहिजे."

शुक्र. २७ मार्च

अंबरनाथ. बाईंनी सुजूला पालथी झोपवली, दोन्ही पाय जुळवले, मांड्यांवरच्या वळ्या बोटाने दाखवल्या. उजवीकडे दोन, डावीकडे तीन. मग गुडघे दुमडून बाहेर वळवले. डावा पुरता वळत नाही. म्हणाल्या, खुब्याचा सांधा जागेवर नसण्याची शंका आहे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एक्स-रे फोटो काढा, मी चिठ्ठी देते.

नंदाने विचारलं, "जमिनीवर सोडली नाही म्हणून झालं का हे?"

बाई म्हणाल्या, "नाही. असलं तर जन्मतःच. पण खाली सोडली असती तर कदाचित आधी लक्षात आलं असतं. आधी आलं असतं तर सोपं."

"आता?"

"फोटो आल्याशिवाय मी बोलणार नाही. कदाचित काहीच नसेल. असलं तर पट्ट्यावर भागेल, किंवा ऑपरेशन लागेल."

परत येताना नंदाने सुजूला सगळा वेळ घट्ट धरून ठेवलं होतं. कुळगावला उतरल्यावर म्हणाली, "आईंना 'कदाचित आधी लक्षात आलं असतं' हे सांगू नका." मी तिच्याकडे बघत राहिलो. "सांगू नका म्हणतेय ना. 'जन्मतःच' एवढंच सांगा."

तसंच सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि विचारलं, "म्हणजे आधी गेला असतात तर कळलं असतं ना?"

बुध. ८ एप्रिल

मुंबईला चिठ्ठी घेऊन गेलो. फोटोची तारीख गुरु. २३ एप्रिल. तिथल्या व्हरांड्यात बऱ्याच मुलांच्या पायांना प्लास्टर होतं, कमरेपासून घोट्यापर्यंत, दोन पायांमध्ये काठी. त्यातलं एक हसत होतं. हे घरी सांगितलं नाही.

अण्णाचं कार्ड आलं. दोन ओळी. "फोटोला मी येतो. एकटा जाऊ नकोस." शब्दांत तीन चुका आहेत. परत परत वाचलं.

शुक्र. १७ एप्रिल

सुट्टी. सुजू पलंग, खुर्ची, भिंत असं धरून आडवी सरकते. सात पावलं मोजली. प्रत्येक पावलाला डावीकडे झुकते. पाटीलकाकू दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "चालतेय की गो." कोणी काही बोललं नाही. काकूंना वाटलं असेल, आम्ही अजून बोरन्हाणाचं मनात धरून आहोत.

तिला चालू द्यावं की थांबवावं, हे बाईंना विचारायचं राहिलं. खुबा जागेवर नसेल तर चालून वाढेल का? उद्या जाऊन विचारतो.

शनि. १८ एप्रिल

दवाखाना बंद. बाई गावाला, आठवड्याने येणार. त्याआधी फोटोच.

बुध. २२ एप्रिल

उद्या फोटो. अण्णा संध्याकाळच्या गाडीने आला, हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसला. नंदा उद्याची पिशवी भरतेय: चिठ्ठी, दुपटी, बिस्किटं, तक्त्याची वही. नंदाने आज आईला स्वतःहून विचारलं, "आई, हिचा निळा फ्रॉक कुठे ठेवलात?" आईने काढून दिला. घडी नंदाने मोडली नाही.

मी दारात. आई खोलीच्या मधोमध पाय दुमडून बसलेली, हात मांडीत. सुजू सरकत तिच्याकडे गेली. आईचा गुडघा धरला, मग खांदा, आणि उभी राहिली. उजव्यावर भार, डाव्याचा चवडा. मग खांद्यावरचा एक हात सोडला. दुसराही सोडला.

आईने हात उचलले, तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांब धरले, लावले नाहीत. अण्णा सरळ बसला. नंदाच्या हातात बिस्किटांचा पुडा तसाच.

सुजू माझ्याकडे बघून हसली आणि डावीकडे झुकू लागली.

आई तिच्याकडेच बघत मला म्हणाली, "सांग रे. धरू की नको?"